डाव्या अंगठ्याखालचं रबर

मी बोलतोय. इकडे, काउंटरवर, शिलाई मशीनच्या शेजारी. ती सोनेरी सँडल नव्हे हो, तिच्यामागे बघा. पूर्वी पांढरा होतो, आता पिवळट दिसतो. डाव्या पायाचा बॅडमिंटनचा बूट, नंबर एकेचाळीस. माझा उजवा भाऊ कुठे आहे ते ओघात येईलच.

हे दुकान मस्कतमध्ये, अझैबाला आहे, विमानतळापासून जवळ. दुकान तानाजीचं म्हणायचं, पण पाटीवर नाव अर्बाबचं, म्हणजे इथल्या ओमानी मालकाचं. तानाजी मूळचा कापशीचा, तिकडच्या चपला साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. सात वर्षं त्याच्याजवळ राहून मी मराठी शिकलो. मधूनच कापशीचा हेल लागला तर सांभाळून घ्या.

तुमच्यात म्हणतात, पायातली वहाण पायातच बरी. म्हणा बापडे. पण पायाचं काय बिनसलंय ते सगळ्यांत आधी वहाणेलाच कळतं, आणि तिला कुणी विचारत नाही. मला जे कळलं होतं ते मी कुणाला सांगू शकलो नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्याजोगं काही नाही. चिकटवायच्या सोल्युशनचा वास आणि मग खोक्यातला अंधार. १९९९ साली आम्ही दोघे भाऊ बल्गेरियात, प्लोवदिव नावाच्या गावी पोचलो. तिथे खेळाडूला वर्षाला बुटांचा एक जोड मिळायचा. आम्ही झोर्नित्साच्या वाट्याला आलो.

झोर्नित्सा एकोणतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. एकेरी खेळायची. देशात सात वेळा पहिली आलेली, पण देशाबाहेर तिचं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. हिवाळ्यात त्यांच्या हॉलला ऊब नसायची, सराव करताना तोंडातून वाफा निघायच्या. सोबत कोच नाही की मालिश करणारा नाही. स्वतःची बॅग उचलायची, बसने तीन-तीन देश ओलांडायचे, दुसऱ्या फेरीत हरायचं आणि त्याच बसने परत. तिला एकच ध्यास होता, एकदा ऑलिंपिक खेळायचं. नंतर रॅकेट खुंटीला टांगायची तिची तयारी होती.

आता माझं काम काय ते नीट ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. बॅडमिंटनमध्ये पुढे झेप घेताना उजवा पाय लांब पडतो आणि डावा पाय मागून घासत येतो. घासत येतो म्हणजे आतली बाजू, अंगठ्याखालचा सोल, जमिनीवरून सरकतो. त्या सरकण्यामुळे टाचेमागच्या शिरेवरचा ताण निघून जातो. त्यापायी माझा सोल तिथे झिजायचा, आणि ते झिजणं हीच माझी नोकरी होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात मला पहिल्यांदा तो आवाज आला. सकाळी पाय आत घातला की टाचेच्या मागे करकर व्हायचं, तेल न घातलेल्या बिजागरीसारखं. दहा मिनिटं पळाली की थांबायचं. महिन्याभराने वीस मिनिटं लागू लागली, नाताळापर्यंत अर्धा तास. तिने कुणालाही सांगितलं नाही. गोळी घ्यायची, माझी नाडी आवळायची आणि कोर्टवर उतरायचं. मला मात्र भीती वाटू लागली होती.

दोन हजार सालच्या मार्चअखेर आम्ही मस्कतला आलो. ऑलिंपिकची यादी एप्रिलच्या शेवटी ठरायची होती, आणि तिचा जागतिक क्रमांक वर न्यायला शेवटची ही एकच स्पर्धा उरलेली. हिशेब तिने विमानातच कागदावर मांडला होता. उपांत्य फेरीत पोचली तर यादीत नाव, त्याआधी हरली तर घर. त्यात विमान कंपनीने तिची बॅग भलत्याच देशी पाठवली. अंगावरचे कपडे, हातातल्या रॅकेट आणि पायात आम्ही दोघे, एवढ्यावर ती उतरली.

स्पर्धा भरवणारी मंडळी बहुतेक हिंदुस्थानी. हॉटेल परवडत नाही म्हणून त्यांनी खेळाडू घराघरांत वाटून दिले होते. झोर्नित्सा अल् घुब्राला कॉस्मास आणि ब्रिजेटच्या फ्लॅटमध्ये आली. कॉस्मास वसईचा, एका हॉटेलात मेंटेनन्सचं बघायचा आणि ऑफिस सुटल्यावर स्पर्धेची पडेल ती कामं करायचा. गोड माणूस. कुणाचं वाईट झालेलं त्याला बघवत नसे, आणि कुणाला वाईट सांगणं तर त्याच्या जिवावर यायचं.

पहिल्याच जेवणाला गंमत झाली. ब्रिजेटने सुरमईचं कालवण वाढू का विचारलं, आणि झोर्नित्साने मान आडवी हलवली. ब्रिजेट बिचारी वाटी परत घेऊन निघाली. बल्गेरियात 'हो' म्हणायला मान अशी हलवतात हे तिला कसं ठाऊक असणार? मग हसाहशी झाली आणि झोर्नित्सा तीन वाट्या जेवली. त्या घरात तिची झोरी झाली.

पण ब्रिजेटची नजर तीक्ष्ण. दुसऱ्या सकाळी तिने झोरीला जिना उतरताना पाहिलं, कठड्याला धरून, आडवी, एकेक पायरी. तिने संध्याकाळी कॉस्मासला गाठलं.

"त्या पोरीचा डावा पाय ठीक नाहीये. मी सांगतेय तुम्हाला."

"अगं, खेळाडूंचं असतंच काही ना काही."

"असतंच काही ना काही नाही. ती जिना आडवी उतरते. मला नाही बरं वाटत हे."

"एवढी एक मॅच होऊ दे, ब्रिजेट. इन्शाल्ला सगळं नीट होईल. आत्ता काही बोलू नकोस तिला, घाबरेल उगाच."

मी दाराशी पडून ऐकत होतो, अर्थ कळला तो पुढे मराठी आल्यावर. कॉस्मास काही खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या दोन फेऱ्या तिने जिंकल्या. बुधवारी दुसरी मॅच संपली तेव्हा माझ्या अंगठ्याखालचा सोल पार फाटला होता, भोकातून तिचा मोजा दिसत होता आणि मोज्याला रक्त लागलं होतं. गुरुवारी संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरी. रुवीच्या बाजारातल्या दुकानांत तिच्या मापाचे बूट मिळेनात, आणि मिळाले असते तरी मॅचच्या आदल्या दिवशी नवा बूट कोण घालतो? कॉस्मास म्हणाला, माझा माणूस आहे अझैबाला, चल.

असा मी तानाजीच्या हातात आलो. काय हात होते! त्याने मला उलटा धरला, अंगठा फिरवला, सोल दाबून पाहिला. आजवर इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं.

"ही पोरगी काय खेळतीया का नांगरतीया?" तो कॉस्मासला म्हणाला. "हितंच सारखं घासतंय. आता असं करतो की परत झिजायचंच न्हाई."

आणि त्याने फळीवरून टायरच्या रबराचा तुकडा काढला. त्याच्या बापाने उभी हयात टायरच्या सोलच्या वहाणा शिवल्या, काट्यात, चिखलात, उतारावर पाय घसरू नये म्हणून. घट्ट धरतो तो सोल चांगला, हे तानाजी बापाच्या मांडीवर शिकला होता. त्याने तुकडा तासला, सोल्युशन लावलं, कडेने बारीक टाके घातले. काम असं सुबक की जोड दिसू नये. झोरीने पाय घालून दुकानात चार पावलं टाकली. चालताना काय कळतंय? ती हसली. तिने पैसे पुढे केले तर तानाजीने हात मागे घेतला.

"ताई, जिंकून या, मग बघू."

मी ओरडत होतो. अरे, माझं काम सरकण्याचं आहे, धरून ठेवण्याचं नाही! पण बुटाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

गुरुवारी हॉल भरला होता. शटल वाऱ्याने हलू नये म्हणून मॅचच्या वेळी एसी बंद ठेवतात, त्यामुळे आत भट्टी लागलेली. समोर डेन्मार्कची मुलगी, वीस-एकवीसची, हलकी. पहिल्याच झेपेला मी जमिनीला चिकटलो. उजवा भाऊ पुढे गेला आणि मी मागे रोवल्यासारखा राहिलो. टाचेमागची शीर ताणली गेली, आणि मला ती करकर पुन्हा ऐकू आली. या खेपेस ती थांबली नाही.

झोरी पहिला गेम अकरा-पाच हरली. तिने पाणी पिताना कॉस्मासला विचारलं, जमीन चिकट का लागतेय? कॉस्मास म्हणाला, दुपारी पुसून घेतली होती, सुकेल आता. तिने मान हलवली आणि खेळ बदलला. पाय घासायचाच नाही, उचलून टाकायचा. दर झेपेला डाव्या चवड्यावर उडी, डाव्या चवड्यावर जोर. जो भार मी सरकून काढून टाकायचो तो आता सगळा त्या एका शिरेवर. अशा तऱ्हेने तिने दुसरा गेम अकरा-आठ जिंकला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी आतून मोजत होतो, अजून किती.

तेव्हाच्या नियमाने तिसऱ्या गेमआधी पाच मिनिटं मिळायची. झोरी बाकावर पुढे वाकून बसली, डोक्यावर टॉवेल घेऊन. तेवढ्यात कठड्यापाशी तानाजी आला. तो मागे उभा राहून मॅच बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच हा खेळ बघत होता तो, पण नजर कारागिराची, रॅकेटीकडे नव्हे, पायांकडे. त्या डेन्मार्कच्या पोरीचा डावा बूट कसा सरकतोय आणि झोरीचा कसा कच्चकन अडतोय, हे त्याने पाहिलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"कॉस्मासभाऊ," तो कठड्यावरून वाकून म्हणाला. "माझी चूक झालीया. त्यो सोल सरकाय पायजे. मी धरनारा लावला. तिला म्हनावं बूट काढून दे, दोन मिन्टात रबर छाटतो. रापी हाय माझ्या खिशात."

"आत्ता?"

"आत्ताच. न्हाईतर धोंडशीर जाईल तिची. टाचंमागची. आमच्या गावात बैलाची जाती तशी."

झोरीने टॉवेल बाजूला केला. काल बूट शिवून देणारा तो माणूस हातात सुरीसारखं काहीतरी घेऊन तिच्या पायाकडे बोट दाखवतोय. तिने कॉस्मासला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतोय तो?"

कॉस्मास थांबला. त्याच्या मनात काय आलं ते त्याने पुढे तानाजीला सांगितलं म्हणून मला कळलं. मॅच अर्ध्यावर, पोरगी आत्ता कुठे जिंकायला लागलीय, आणि हिला सांगू की तुझा पाय मोडणार आहे? अशा वेळी अपशकुन करायचा? आणि सुरी घेऊन बूट कापायचा? अंपायर काय म्हणेल?

तो हसला. म्हणाला, "तो तुला आशीर्वाद देतोय. म्हणतो, देव तुझ्या पायांत बळ देवो."

झोरीचा चेहरा उजळला. तिने उभं राहून तानाजीला हात जोडले, ब्रिजेटने शिकवले होते तसे. तानाजीला वाटलं, ती नको म्हणतेय. तो रापी खिशात घालून मागे सरला.

"खलास, तानाजीभाऊ, राहू द्या आता," कॉस्मास हळूच म्हणाला. "मॅच झाल्यावर बघू."

तिसरा गेम दहा-नऊवर आला. सर्व्हिस झोरीची, एक गुण आणि ऑलिंपिक. दोघींनी तो गुण खूप लांबवला. शेवटी त्या पोरीने जाळीजवळ शटल अलगद टाकलं. झोरीने झेप घेतली. मी जमिनीला धरून होतो, मला जसं बनवलं होतं तसा. आणि टाचेमागे फाट्‌ असा आवाज झाला. हॉलच्या टोकाला बसलेल्यांनीही तो ऐकला.

ती वळून मागे बघू लागली. तिला वाटलं, मागून कुणीतरी काठी मारली. मागे कुणीच नव्हतं. शटल मात्र तिच्या रॅकेटवरून पलीकडे जाऊन रेषेच्या आत पडलं होतं. अंपायरने अकरा-नऊ पुकारलं. मॅच तिने जिंकली होती आणि ती जमिनीवर बसून डाव्या टाचेला हात लावून बघत होती, जिथे शीर असायची तिथे खळगा पडला होता.

ब्रिजेटने कात्रीने माझी नाडी कापली आणि मला पायातून काढलं. ती रडत नव्हती, ओठ घट्ट मिटले होते. ती एकदाच कॉस्मासकडे बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं." त्या धांदलीत मी बाकाखाली राहिलो. हॉल रिकामा झाल्यावर तानाजीने मला उचललं.

दुसऱ्या दिवशीची मॅच तिने सोडून दिली, सोडणार नाही तर काय करणार. प्लास्टर चढलं, आणि पंधरा दिवसांनी ती कुबड्यांवर घरी गेली. माझा भाऊ तिच्या उजव्या पायात गेला. महिन्याभराने यादी लागली, तिच्यात झोर्नित्साचं नाव होतं. तिची जागा पुढे दुसऱ्या कुणीतरी घेतली. झोरी पुन्हा कोर्टवर खेळायला उतरली नाही.

त्या नाताळात कॉस्मास फराळाचा डबा आणि एक पत्र घेऊन दुकानात आला. पत्र झोरीचं. तो वाचून मराठीत सांगू लागला आणि मधेच अडकला.

"वाचा की," तानाजी म्हणाला.

"ती लिहिते, बूट दुरुस्त करणाऱ्या त्या भल्या माणसाला सांगा, त्याचा आशीर्वाद मला लागला. पाय गेला, पण मी जिंकले. माझं नाव त्या यादीत आलं ते त्याच्यामुळे."

"कसला आशीर्वाद?"

कॉस्मासने तेव्हा सगळं सांगितलं. तानाजीने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "तिला खरं लिवा. मी रबर लावलं, आन्‌ मी ते कापाय आलो हुतो. येवढंच लिवा."

"लिहितो," कॉस्मास म्हणाला.

लिहिलं नाही त्याने. पुढच्या नाताळात तिचं पुन्हा तसंच पत्र, तोच आशीर्वाद. त्याच्या पुढच्याही. तानाजी दरवर्षी विचारायचा आणि कॉस्मास दरवर्षी लिहितो म्हणायचा. तानाजी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ शकला असता, नाही असं नाही. अझैबात इंग्रजी लिहिणारे काय कमी आहेत? पण खरं कळल्यावर ती काय म्हणेल, ही भीती त्यालाही होतीच. मला त्याने कधी टाकलं नाही, आणि ते रबरही काढलं नाही. खेळाचा बूट घेऊन कुणी आलं की तो आधी म्हणायचा, जरा पळून दाखवा, पाय कसा पडतोय बघू दे. लोक हसायचे त्याला.

आणि गेल्या आठवड्यात झोरी आली. २००७ सुरू आहे, ती आता मुलींना शिकवते, त्यांना घेऊन मस्कतला खेळायला आली होती. तिने कॉस्मासला आधीच कळवलं होतं, त्या माणसाला भेटायचंच. तानाजीने सकाळीच मला काउंटरवर उलटा ठेवला, सोल वर करून.

ती थोडी लंगडत आत आली. तानाजीच्या पायाशी वाकायला लागली तसा तो मागे सरकला आणि मला तिच्या हातात दिलं. तिने माझ्या अंगठ्याखालून बोट फिरवलं. वीस वर्षं बूट घासलेली बाई, तिला सांगायला कशाला पाहिजे? बोट तिथेच थांबलं.

"भाऊ," तानाजी कॉस्मासला म्हणाला, "आता मी बोलतो त्यातला एकबी शब्द गाळू नगा."

तो बोलला, आणि कॉस्मासने शब्दन्‌ शब्द सांगितला. टायरचं रबर, रापी, ती पाच मिनिटं. शेवटी आपण स्वतः तेव्हा तिला काय सांगितलं होतं तेही सांगितलं. सांगताना त्याने मान वर केली नाही.

झोरी स्टुलावर बसली. मग ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं असतं तरी मी बूट दिला नसता. जिंकत असताना कुणी खेळाडू बूट काढत नाही. तुमच्यापैकी कुणाचीच चूक नाही."

कॉस्मासने ते मराठीत सांगितलं. तानाजी मोठ्याने रडला, सात वर्षांचं रडून घेतलं त्याने. मग चहा आला. जाताना झोरीने मला परत काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, हा इथेच राहू दे.

तेव्हापासून तानाजी मोकळा हसतो. रात्री झोपतो म्हणे. जो येईल त्याला सांगतो, ताईनं स्वतः सांगितलं, दिलाच नसता बूट.

आता तुम्हाला एक सांगतो, आणि ते तुमच्याजवळच ठेवा. त्या पाच मिनिटांत टॉवेलखाली तिचा हात माझ्या नाडीवर होता. पहिली गाठ तिने सोडली होती. शीर इतकी ठणकत होती की मला काढून पाय मोकळा करावा असं तिच्या मनात आलं होतं. तानाजीचं ते म्हणणं तिला कळलं असतं, तर मी पुढच्या क्षणी त्याच्या हातात असतो. पण कॉस्मासने आशीर्वाद सांगितला, आणि तिने उभं राहून हात जोडण्याआधी ती गाठ पुन्हा बांधली. चांगली घट्ट.

अझैबाला कधी आलात तर या दुकानात या. चप्पल शिवून घ्या, चहा प्या, तानाजीशी बोला. एवढी गोष्ट मात्र त्याला सांगू नका.